सारायेव्हो: गुडघे दुखणाऱ्या बाबांना घेऊन तीन दिवसांत काय पाहावे?

खिडकीची_सीट
नमस्कार. आई-बाबा कोल्हापूरहून म्युनिकला माझ्याकडे आले असून सप्टेंबरमध्ये आम्ही तिघे तीन दिवसांसाठी बोस्नियाची राजधानी सारायेव्हो पाहायला जाणार आहोत. व्हिसा आणि तिकिटे झाली आहेत. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पहिल्या महायुद्धाचा धडा त्यांनी जन्मभर शिकवला, त्यामुळे ‘तो पूल’ पाहायचाच, असा त्यांचा हट्ट आहे. मात्र त्यांच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही. आई शाकाहारी आहे आणि तिकडे मांसाशिवाय काही मिळत नाही, असे तिने कुठून तरी ऐकले आहे. शिवाय एक दिवस जुन्या पुलासाठी प्रसिद्ध असलेल्या मोस्तार शहराला द्यावा का?

पायपीट
दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. हे शहर मिल्यात्स्का नदीच्या दरीत लांबट पसरले आहे. नदीकाठ सपाट आहे, पण दोन्ही बाजूंच्या गल्ल्या एकदम अंगावर येतात. त्यामुळे राहण्याची जागा नदीलगतच घ्या.

पूल पाहायला थेट पुलावर जाऊ नका. तो चार कमानींचा, अगदी साधा लॅटिन पूल आहे आणि नुसता पाहिला तर ‘एवढाच?’ असे वाटते. त्याऐवजी सुरुवात व्हियेच्नित्सा या जुन्या नगरभवनापासून करावी. २८ जून १९१४ रोजी सकाळच्या बाँबहल्ल्यातून बचावलेला ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड स्वागतासाठी इथेच आला होता, आणि इथून परतताना पुलाजवळ चालकाने चुकीचे वळण घेतल्यामुळे गाडी नेमकी गाव्रिलो प्रिन्सिपसमोर थांबली आणि त्याने युवराजाला गोळ्या घातल्या; पहिल्या महायुद्धाची ठिणगी तीच. तोच नदीकाठचा सपाट रस्ता तुम्ही दहा मिनिटांत चालाल. व्हियेच्नित्सा आतूनही अवश्य पाहा: तिथे पुढे राष्ट्रीय ग्रंथालय होते, ते ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी पेटले, लाखो पुस्तके जळाली आणि इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली.

जुन्या बाजारात, म्हणजे बाश्चार्शियात, गाझी हुस्रेव-बेग मशिदीशेजारी एक घड्याळाचा मनोरा आहे. सायंकाळी तिथे पोहोचलो तेव्हा दोन्ही काटे बाराकडे निघाले होते. सासरे म्हणाले, “बंद पडलेले दिसते.” प्रत्यक्षात ते सूर्यास्ताला बारा वाजतील असे लावलेले असते, आणि दिवस लहानमोठा होतो तसे सतत जुळवून घ्यावे लागते.

चढाचा प्रश्न त्रेबेविच डोंगराच्या केबल कारने सुटतो. १९९२ ते १९९५ च्या बोस्नियातील युद्धात ती नष्ट झाली होती, ६ एप्रिल २०१८ रोजी पुन्हा सुरू झाली. खालच्या स्थानकापर्यंतच चढ आहे, तेवढी टॅक्सी करा. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉब्स्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा, काँक्रीटचा मार्ग झाडीत पडून आहे, अंगभर रंगवलेला. त्याच युद्धात शहराला पडलेल्या वेढ्याच्या काळात विमानतळाखालून खणलेला बोगदा मात्र विचार करून ठरवावा. आत चालता येतो तो तुकडा लहान असला तरी उंची सुमारे १.६ मीटर असल्याने वाकून जावे लागते. संग्रहालयाचा बाकीचा भाग बाबांना वर उभ्यानेच पाहता येईल.

पोळपाट
आईंना सांगा, उपाशी राहणार नाहीत. मात्र तिथे ‘बुरेक’ (पातळ पोळीत सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हणजे मांसाचेच, हे पक्के लक्षात ठेवा. बाकी सारणांच्या त्याच पदार्थाला ‘पिता’ म्हणतात आणि सारणानुसार प्रत्येकीचे नाव निराळे असते: चीजची सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोंपिरुशा. पहिल्या दोन्हींत बऱ्याचदा अंडे असते, म्हणून अंडे चालत नसेल तर बटाट्याचीच मागावी. ‘बेझ मेसा’, म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द पाठ केले की निम्मे काम झाले. चांगल्या दुकानात परातीवर लोखंडी झाकण ठेवून वर निखारे पसरतात. वास गल्लीच्या तोंडाशीच येतो. आणि दुकानाला तिथे ‘दुचान’ म्हणतात, साबणाला ‘सापुन’! तुर्कांमार्फत आलेले हे शब्द ऐकून आईंना परके वाटणार नाही.

कॉफी तांब्याच्या लहान भांड्यात येते. ती ढवळून ओतू नका, गाळ खाली बसू द्या.

रुळावरून
मोस्तारविषयी माझे मत सांगतो. तिथला पूल पाहण्यापेक्षा नेरेत्वा नदीच्या काठाने जाणारा सुमारे दोन तासांचा रेल्वेप्रवास मला जास्त आवडतो: तो बसल्या जागी होतो आणि गुडघ्यांना काहीच मागत नाही. १५६६ चा, १९९३ मध्ये पाडला गेलेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिलेला तो पूल मात्र चढाला तीव्र आणि पायाखाली गुळगुळीत आहे. बाबांनी तो काठावरूनच पाहावा.

पायपीट
रेल्वेचे मान्य आहे, पण तीनच दिवसांतला एक पूर्ण दिवस त्यात जातो. मी असतो तर तिसऱ्या दिवशी इलिद्झा या उपनगरापर्यंत ट्रामने जाऊन बोस्ना नदीच्या उगमाशी बसलो असतो. ट्रामपासून उगमापर्यंत सरळ, झाडांच्या सावलीचा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर घोडागाड्या मिळतात.

खिडकीची_सीट
सर्वांचे आभार. मोस्तार रद्द केले. घोडागाडीचे ऐकून आईनेच निकाल दिला. बाबांना मनोऱ्याच्या घड्याळाचे वाचून दाखवले, तर ते म्हणाले, “आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत होते की.” आता त्या दिवसांतली सारायेव्होची सूर्यास्ताची वेळ त्यांनी माझ्याकडून काढून घेऊन डायरीत लिहिली आहे.