मुलांची आधार झेरॉक्स देणगीदाराला द्यावी का?

अभ्यासिका_ताई: आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आठवी ते बारावीची मुलं येतात. देणगीदार कंपनीला त्यांची नावं, फोटो आणि आधारच्या झेरॉक्स हव्यात. पालक म्हणतात, "द्या हो ताई." मला मात्र पटत नाही. तुम्ही काय करता?

दप्तरवाला: ताई, देऊ नका. मी एका युवा संस्थेचं दप्तर सांभाळतो. मुलं किती, कोणत्या इयत्तेतली, हजेरी कशी, एवढं देणगीदाराला पुरतं. ठामपणे सांगितलं की ऐकतात. मुळात आधार घ्यायचंच कशाला? वय बघायचं तर शाळेचा दाखला पाहावा आणि तिथल्या तिथे परत करावा. अगदीच अडलं तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. आमच्याकडे प्रवेशअर्ज कुलुपात असतात. मूल बाहेर पडलं की नको असलेले कागद बारीक फाडतो, रद्दीवाल्याला कधीच देत नाही. त्यावर घरचा पत्ता असतो, मुलीचा फोन नंबर असतो!

वकील_मावशी: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची सगळी मुलंच धरली आहेत आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, तरी मराठीत लेखी संमती आत्ताच घ्या: कोणती माहिती, कशासाठी, कोणाला. फोटोची सही वेगळी. बालगृहातलं मूल असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार ओळख उघड करायलाच मनाई आहे.

अभ्यासिका_ताई: आणि चाचणीचे गुण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर?

दप्तरवाला: नको. ज्याचे त्याच्या पालकांना.