ज्ञानेश्वरी वाचतोय, पण आतला 'मी' कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय असं वाटतंय

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. वडील गेल्यावर मी ज्ञानेश्वरी हातात घेतली, दोन वर्षं झाली, रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पंधरा-वीस ओव्या, सार्थ प्रत आहे, वहीत नोट्स काढतो, रविवारी एका अभ्यास ग्रुपला जातो. स्वतःला ओळखायचं, आतून जागं व्हायचं, एवढीच ओढ होती. मागच्या शनिवारी घरी पाहुणे होते, संध्याकाळी आई नेहमीसारखी दिव्यापाशी बसून हरिपाठ म्हणत होती. पहिल्याच अभंगात ती 'साधियेल्या'च्या जागी 'साधल्या' म्हणते, कायमच तसं म्हणते, आणि मी सगळ्यांसमोर तिला थांबवून शब्द दुरुस्त केला, वर त्या चार मुक्ती कोणत्या तेही सांगितलं, सलोकता, समीपता, सगळं. पाहुणे म्हणाले वा. आई काहीच बोलली नाही. त्या दिवसापासून ती हरिपाठ मनातच म्हणते, ओठ हलतात पण आवाज नाही. आठ दिवस झाले.

मला नीट झोप लागत नाहीये. दोन वर्षं जे मिळवलं ते ज्ञान होतं का? आत्मज्ञान आणि नम्रता यातलं आधी काय येतं? या वाटेवर ज्यांनी काही काळ काढलाय त्यांनी सांगा.

रानजाई
दादा, तेराव्या अध्यायापर्यंत आलात का? तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या क्रमातच आहे. ज्ञान म्हणजे काय हे सांगताना गीतेत जी लक्षणं येतात ती परंपरेनं २० धरतात, त्यातलं पहिलं अमानित्व, म्हणजे मानाची हावच नसणं, आणि अध्यात्मज्ञानात कायम असणं हे थेट १९वं. मधे दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरूची सेवा, केवढी तरी वाट आहे. माऊलींनी अमानित्व समजावताना काय उदाहरणं दिलीत बघा, कुणी स्तुती केली की त्या माणसाची अवस्था पारध्यानं कोंडलेल्या हरणासारखी होते, पोहताना भोवऱ्यात सापडल्यासारखी होते. बृहस्पतीएवढं ज्ञान असलं तरी मोठेपणाच्या भीतीनं तो वेड पांघरून लपतो. आणि हे लिहिलंय कुणी, तर १२९० मध्ये नेवाशाला बसून, विशीही न गाठलेल्या मुलानं, ज्याला आणि ज्याच्या भावंडांना गावानं वाळीत टाकलं होतं.

पण तुमच्यासाठी मला त्याच्याही पुढचं अहिंसेचं वर्णन महत्त्वाचं वाटतं. तिथं बोलण्यातली अहिंसा सांगितलीय, की अशा माणसाच्या बोलण्यात आधी माया पाझरते आणि अक्षरं मागून चालत येतात, कृपा आधी आणि शब्द नंतर. मी ३० वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो हो, घरीसुद्धा. ही ओवी मी वर्गात कितीदा शिकवली असेल, आणि ती माझ्यापर्यंत पोचली मुलगी लग्न होऊन गेल्यावर, ती म्हणाली आई तुझ्याशी बोलताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. तुम्हाला आठ दिवसात कळलंय, मला फार वेळ लागला.

काळी_माती
रामकृष्णहरी माऊली. मी शेतकरी माणूस, पुस्तकी फार नाही पण वारी चुकवत नाही. तुम्हाला तेरची गोष्ट माहीत असेलच, गोरोबाकाकांच्या घरी सगळे संत जमलेले, मुक्ताईनं थापटणं बघून विचारलं काका हे काय, ते म्हणाले मडकं कच्चं का पक्कं बघायचं. मग इथली मडकी पण बघा की. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं, सगळे गप्प बसले, एकटे नामदेव उसळले. काका म्हणाले हे कच्चं. आता विचार करा, नामदेव म्हणजे ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो, जेवतो असं सगळे मानायचे, त्यांना काय कमी होतं. पण मला का मारलं हा 'मला' राहिला होता. तिथून ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथं डोळे उघडले. आणि त्याच नामदेवांनी पुढं काय मागितलं, तर देवळाची पायरी. आज पण पंढरपुरात महाद्वारात पहिल्या पायरीवर आम्ही पाय ठेवत नाही, डोकं ठेवतो, आणि समोरच चोखोबांची समाधी.

तुमची आई गप बसली ना, तेच थापटणं समजा. उसळू नका, आणि स्वतःला कोसत पण बसू नका, कच्चं मडकं फेकत नाहीत, परत भट्टीत घालतात.

दिंडीत वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. वय बघत नाही, जात बघत नाही. माझ्या पाया एकदा एक मोठे डॉक्टर पडले तेव्हा मला रडूच आलं, त्या दिवशी कळलं की वाकायला जेवढं शिकावं लागतं तेवढंच दुसरा वाकतो तेव्हा ताठ न होता उभं राहायलाही शिकावं लागतं.

उंबरठा
वरचं सगळं पटलं पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. नम्रता हा शब्द आम्हा बायकांना लहानपणापासून इतका ऐकवतात की तो आला की माझी मान आपोआप खाली जाते. मी सासरी १५ वर्षं गप्प राहिले, लोक म्हणायचे काय नम्र सून आहे, पण आत नुसती भीती होती आणि भीतीनं कुणाचा आत्मा जागा होत नाही. मला मुक्ताई म्हणूनच जवळची वाटते. सगळ्यात धाकटी, पण चांगदेवांचं कोरं पत्र आलं तेव्हा सरळ म्हणाली की चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचं उत्तर लिहिलं, आणि चांगदेवांनी शेवटी गुरू मानलं ते या मुलीलाच. ज्ञानदेव रागावून ताटी लावून बसले तेव्हा दार उघडायला लावणारीही तीच. तिच्या बोलण्यात स्वतःला मोठं करणं कुठेच नाही, समोरच्याचं भलं आहे, म्हणून ते लागतं पण खुपत नाही.

आणि पाटीपेन्सिल, एक विनंती. आईची माफी मागाल तेव्हा मोठा सोहळा करू नका, पाया पडून रडणं वगैरे. त्यात परत तुम्हीच मधोमध येता आणि त्यांना तुम्हाला समजवायची ड्युटी लागते. त्यांना विचारा, हरिपाठ कुणाकडून शिकल्या.

काळी_माती
ताई, लाख बोललात.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. ताईंचं ऐकलं. काल संध्याकाळी वही न घेता आईशेजारी बसलो आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तर म्हणाली, आजोबांनी. माझे आजोबा माळकरी होते हे माहीत होतं, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे मला आज या वयात कळलं. गावच्या देवळात भजनाला बसून बसून त्यांनी सगळा हरिपाठ कानानं पाठ केला आणि शेतावरून येताना आईला खांद्यावर बसवून म्हणायचे, ती त्यांच्या मागून म्हणायची. तो 'साधल्या' त्यांचा आहे. म्हणजे मी तिच्या वडिलांचा आवाज पुसायला निघालो होतो, आणि हे सगळं मी माझे वडील गेल्यावर सुरू केलेलं.

मी फक्त एवढंच म्हणालो की आई त्या दिवशी माझं चुकलं, मला त्यांच्या चालीत शिकव. ती बराच वेळ वात सारखी करत बसली. मग सुरू केलं, पहिले दोन अभंग पुटपुटल्यासारखे, तिसऱ्यापासून आवाज थोडा आला. मी तिच्या मागून म्हणत होतो, तीच चाल, तोच शब्द. संपल्यावर म्हणाली, उद्या साडेसहालाच बस, नंतर मला दूध तापवायचं असतं.