16 वर्षांपर्यंत फोन नको, हे उत्तर होऊ शकत नाही

मधली_सुट्टी (ठाणे पश्चिम)

मागच्या आठवड्यात 'पाचपाखाडी' यांनी येथे एक लेख टाकला. 16 वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांच्या हाती फोन देऊच नये, ज्यांना देणे भागच आहे त्यांच्यासाठी शाळेने वर्षातून एकदा सायबर पोलिसांचे व्याख्यान ठेवावे, आणि 'डिजिटल नागरिकत्व' (ऑनलाइन जगात जबाबदारीने कसे वागावे, हे शिकवणारा) हा विषय म्हणजे शाळांनी फी वाढवण्यासाठी काढलेले खूळ आहे, असा त्याचा आशय होता. बंदीच्या समर्थनार्थ त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा दाखलाही दिला होता. खाली एकामागून एक 'शंभर टक्के सहमत' असे प्रतिसाद आले. ते वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत 22 वर्षे संगणक शिकवते. गेल्या वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलीच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडले, स्नेहसंमेलनातला तिचा फोटो त्यावर लावला आणि वर्गातल्या मुलांना तिच्या नावाने घाणेरडे संदेश पाठवायला सुरुवात केली. हा प्रकार 19 दिवस चालला. ते सगळे दिवस ती मुलगी रोज शाळेत येत होती, पहिल्या बाकावर बसत होती आणि गप्प होती. घरी का सांगितले नाहीस, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "बाई, बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, फोनमुळे काही झालं तर फोनही बंद आणि क्लासही बंद."

त्याच वर्षी जुलैत आमच्या सभागृहात व्याख्यान झाले होते. आलेल्या अधिकाऱ्यांनी मनापासून सांगितले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाचशे मुलांसमोर 40 मिनिटांत 'हे करू नका, ते करू नका' यापलीकडे कोणालाच जाता येत नाही. झालेच तर पुढे काय करायचे, संदेश पुसून टाकण्याआधी स्क्रीनशॉट कसे जपायचे, खोट्या खात्याची तक्रार त्या ॲपमध्येच कुठून करायची, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते, 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर मूल स्वतः फोन करू शकते, यांतले काहीही तिला ठाऊक नव्हते. हे शिकवायला वर्षभर तास लागतात, आणि घरी सांगितले तर शिक्षा आपल्यालाच होणार नाही, हा भरवसा त्याच्याही आधी लागतो. बंदीची धमकी नेमका तोच भरवसा मोडते.

'पाचपाखाडी', ऑस्ट्रेलियाचा तो दाखलाही आपण अर्धवट दिला आहे. 10 डिसेंबर 2025 पासून लागू झालेला तो कायदा फोनवर बंदी घालत नाही. 16 वर्षांखालील मुलांची खाती ठरावीक समाजमाध्यमांवर असू नयेत, ही जबाबदारी तो कंपन्यांवर टाकतो आणि दंडही कंपन्यांनाच करतो. मुलाला किंवा पालकाला त्यात शिक्षा नाही.

पाचपाखाडी

बाई, आपल्या विद्यार्थिनीबद्दल वाईट वाटले. परंतु आपण घडलेले सांगत आहात, तसेच मीही घडलेलेच सांगतो. 2020 च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाली, म्हणून सातवीतल्या मुलाला हप्त्यांवर फोन घेऊन दिला. वर्ष संपण्याच्या आत त्याने पत्नीच्या कार्डावरून एका खेळातले हिरे विकत घेण्यासाठी 41,000 रुपये घालवले. त्या काळात माझा पगार निम्मा येत होता. त्याला आम्ही समजावले नव्हते, असे आपल्याला वाटते का? दहा वेळा समजावले होते. हातात असलेली वस्तू ज्या वयात सुटत नाही, त्या वयात ती हातात देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि बंदी चालत नाही, हे कोणी ठरवले? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे फोन व टीव्ही बंद होतात. तिथे कोणी डिजिटल नागरिकत्वाचा अभ्यासक्रम लावला नव्हता.

घोडबंदरवासी

वडगावच्या भोंग्याचे कौतुक मलाही आहे, पण इथे सातनंतरच शाळेचा भोंगा सुरू होतो, त्याचे काय करायचे? माझी मुलगी पाचवीत आहे. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, तोही रात्री पावणेनऊला. प्रकल्पाची चित्रे, परिपत्रके, बसचा उशीर, सगळे त्याच गटावर. मी कासारवडवलीला घरी पोहोचते तेव्हा ती आजीच्या फोनवर वही उतरवत बसलेली असते. फोन मी दिलेला नाही, शाळेने दिला आहे. शिक्षकांनी आम्हाला संयम शिकवण्याआधी गृहपाठ पुन्हा फळ्यावर लिहायला सुरुवात करावी.

कायदेकानू (वाशी)

वकिलीच्या सवयीने दोन दुरुस्त्या करतो. खाते उघडण्यासाठी 13 वर्षांची जी अट सर्वत्र दिसते, ती मुलांच्या मानसिक वाढीच्या अभ्यासातून आलेली नाही; मुलांच्या माहितीसंबंधीच्या 1998 च्या अमेरिकन कायद्यात ती रेषा आखली गेली आणि जगभर तीच रूढ झाली. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागणार आहे, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे आणि या कर्तव्यात कसूर केल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, मात्र या तरतुदी लागू करण्यासाठी त्यापुढे 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे.

त्यामुळे मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ज्या ॲपची रचनाच मुलाला उठू न देण्यासाठी केलेली आहे, त्याच्यासमोर बसवून मुलाला जबाबदारी शिकवणे म्हणजे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकणे होय. शाळेचा तास असो वा बापाची बंदी, दोन्हींत कंपनी मोकळीच राहते.

ऐरोलीकर

कंपन्या आणि मुले यांच्याबद्दल बोलून झाले असेल, तर आता मोठ्यांबद्दलही बोलावे. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एक सायकल हरवली. समितीतल्या एका सदस्याने सीसीटीव्हीची चित्रफीत साडेतीनशे सदस्यांच्या गटावर टाकली, त्यात माझ्या 12 वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढले आणि खाली लिहिले, 'हा कोणाचा मुलगा आहे?' तासाभरात 'संस्कार' या शब्दावर चर्चा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सायकल बी विंगच्या तळघरात मिळाली, मालकाच्या पुतण्याने ठेवली होती. चित्रफीत कोणी काढली नाही, माफी कोणी मागितली नाही. माझा मुलगा पुढचे चार महिने खाली खेळायला गेला नाही. त्याला मी डिजिटल नागरिकत्व कोणत्या तोंडाने शिकवू?

सेक्रेटरी_सानपाडा

ऐरोलीकर, आपल्यावर अन्याय झाला, हे खरे. परंतु समितीची बाजूही समजून घ्या. आमच्याकडे गेल्या वर्षी तीन चोऱ्या झाल्या. गटावर चित्रण टाकले नाही तर समिती झोपली आहे काय, असे विचारतात. टाकले तर असे धागे निघतात. आम्ही बिनपगारी, रात्री अकराला नोकरीवरून येऊन ही कामे करतो. सुरक्षिततेसाठी थोडी गैरसोय सोसायला हवी.

ऐरोलीकर

गैरसोय? आपण 12 वर्षांच्या मुलाला साडेतीनशे लोकांसमोर चोर ठरवण्याला गैरसोय म्हणता? आपल्या स्वतःच्या नातवाच्या चेहऱ्याभोवती असे वर्तुळ काढले असते, तर हाच शब्द आपण वापरला असता का, याचे उत्तर द्या. बिनपगारी असणे ही कोणाच्याही मुलाची बेअब्रू करण्याची परवानगी नव्हे.

सेक्रेटरी_सानपाडा

माझ्या नातवापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. मी आपल्या सोसायटीत राहत नाही आणि ती चित्रफीत मी टाकलेली नाही.

कायदेकानू (वाशी)

दोघांनीही आवाज खाली आणावा. मुद्दा मात्र ऐरोलीकरांचाच बरोबर आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार प्रत्यक्ष चौकशी किंवा तपास चालू असलेल्या मुलाचीही ओळख प्रसिद्ध करता येत नाही. जे पोलिसांना आणि वृत्तपत्रांना वर्ज्य आहे, ते सोसायटीच्या समितीने का करावे? चित्रण जपून ठेवावे, पोलिसांनी मागितल्यास द्यावे, संशय असल्यास पालकांना घरी जाऊन भेटावे. गटावर टाकू नये.

यात आणखी एक गोष्ट आपण सगळे विसरत आहोत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्या सुमारास देशभर अशा घटना घडल्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ते संदेश पुढे पाठवणारी आणि तो जमाव जमवणारी शाळकरी मुले नव्हती.

घोडबंदरवासी

मग व्याख्यान सोसायटीच्या वार्षिक सभेत ठेवा. मी हे रागाने नव्हे, मनापासून लिहिते आहे.

पारसिक (कळवा)

मी 19 वर्षांचा आहे. एवढी चर्चा झाली, पण आम्हाला काय वाटते, असे कोणीही विचारलेले नाही, म्हणून न विचारता लिहितो.

'पाचपाखाडी' काका, त्या मुलीकडे फोन नसता तरी ते खोटे खाते निघालेच असते. फोटो तिचा होता, फोन दुसऱ्याचा होता. आपल्या बंदीने तिला एवढेच झाले असते की, आपल्या नावाने काय चालले आहे हे तिला सर्वांत शेवटी कळले असते. आणि वडगावचा भोंगा मुलांसाठी वेगळा वाजत नाही, तो मोठ्यांनाही फोन ठेवायला लावतो. माझ्या घरी नियम फक्त मला होता.

बाई, आपल्यालाही एक विचारतो. स्नेहसंमेलनातला तो फोटो त्या माणसाला मिळाला कुठून? माझ्या शाळेच्या फेसबुक पानावर माझा सहावीतला फोटो अजून आहे, नाव आणि तुकडीसकट. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी आईने माझी गुणपत्रिका बैठक क्रमांकासह तीन गटांवर टाकली. तिचा आनंद मला समजतो, पण मला विचारले नव्हते. आजीला 'तुमच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले आहेत' असा फोन आला, तेव्हा तो मीच कापला आणि पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे असते, हेही मीच तिला शिकवले. ते मला शाळेने शिकवलेले नव्हते.

शिवाय नागरिकत्व म्हणजे केवळ सावधगिरी, असे आपण सगळे धरून चालला आहात. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम, सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. कॉलेजमध्ये येईपर्यंत मला हे कोणी सांगितले नाही. काय लिहू नये, याची यादी मात्र पाचवीपासून पाठ आहे.

सेक्रेटरी_सानपाडा

पारसिक यांनी गुणपत्रिकेचे लिहिले आणि मला आमच्या गटावर दर जूनला टाकली जाणारी अभिनंदनाची चित्रे आठवली. तिथे फ्लॅट क्रमांकही असतो. तो यापुढे टाकणार नाही. सीसीटीव्हीबाबत माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही, पण मुलांची चित्रफीत टाकायची नाही, हा विषय पुढच्या सभेत घेतो.

मधली_सुट्टी

पारसिक, तुझा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आले नाही. तो फोटो आमच्या शाळेच्या पानावरूनच उचलला होता, आणि ते पान मी सांभाळते. संमेलनाच्या रात्री बसून अल्बम मीच चढवला होता, प्रत्येक फोटोखाली नाव आणि इयत्ता लिहिली होती, कारण पालक ते मागतात. खात्याच्या तक्रारीत मी त्या मुलीबरोबर होते, पण फोटो कुठून आला, या प्रश्नावरून मी पुढे निघून गेले होते. मुख्याध्यापकांशी बोलून 2014 पासूनचे सर्व अल्बम काल बंद केले. त्या मुलीला आणि तिच्या आईला आज शाळेत बोलावून हे सांगितले. मुलगी काही बोलली नाही. आईने विचारले की, आधी का काढले नाहीत. त्यावर देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

रात्रीच्या गृहपाठाचे घोडबंदरवासी यांचे म्हणणेही मान्य आहे. माझ्या विषयापुरता तो संध्याकाळी पाचनंतर पाठवणार नाही. कायदेकानू यांचे मात्र मान्य नाही. कंपन्यांवर दंड बसेल तेव्हा बसेल, तोवर माझ्यासमोर सोमवारी 52 मुले बसणार आहेत. 66अ आणि पालघर आता माझ्या नववीच्या तासात येईल. व्याख्यान एकच आणि तेवढे पुरे, या मताला माझा विरोध पहिल्या दिवशी होता तेवढाच आजही आहे.

पाचपाखाडी

भोंग्याबद्दल पारसिक या मुलाने मला सुनावले, ते बरोबर होते, असे लिहिणे जड जाते, पण लिहितो. 16 वर्षांची रेषा मात्र मी सोडणार नाही; धाकटी आता सहावीत आहे आणि तिला फोन मिळणार नाही.

बाईंनी त्या मुलीचे 19 दिवस लिहिले होते, ते डोक्यातून जाईनात. मोठा आता बारावीत आहे. काल रात्री जेवताना त्याला विचारले की, त्या 41,000 रुपयांबद्दल तू मला किती दिवसांनी सांगणार होतास. तो ताटाकडे बघत म्हणाला, "बँकेचं स्टेटमेंट आलं नसतं तर सांगितलंच नसतं, बाबा."