आल्प्समध्ये पहिल्यांदाच, चार रात्री, गाडी न चालवता: कुठे राहावं?

पावसाळी_पुणेकर:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी नवऱ्याचं झुरिचला ऑफिसचं काम आहे, ते संपता संपता मी आणि सासूबाई (वय 69, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी) तिकडे जाऊन पोचणार, आणि मग चार रात्री डोंगरात काढायच्यात. गाडी भाड्याने घ्यायची नाही हे पक्कं, रस्त्याच्या उजव्या बाजूने घाटात चालवायची नवऱ्याची तयारी नाही आणि त्याच्या शेजारी बसायची माझी नाही. एजंटने जो प्लॅन पाठवलाय त्यात चार दिवसांत टिटलिस, युंगफ्राउयोख (बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन), झरमॅट आणि ऱ्हाईनचा धबधबा, रोज नवीन हॉटेल. वाचूनच दमले. एकाच ठिकाणी राहून ट्रेन-बसने नीट फिरता येईल का? पास घ्यायचा की नाही? आणि युंगफ्राउयोखचं तिकीट बघून पोटात गोळा आला, खरंच जावं का? हो, आम्ही तिघंही शाकाहारी.

बर्नचा_बाळ्या:
ताई, आधी तो प्लॅन डिलीट करा. झरमॅट एका टोकाला, ऱ्हाईनचा धबधबा जर्मनीच्या सीमेजवळ, सगळा वेळ बॅगा चढवण्या-उतरवण्यात जाईल. चार रात्रींना इंटरलाकेनच्या वरचा भाग, म्हणजे लाउटरब्रुनेन-वेंगेन-म्युरेन-ग्रिंडेलवाल्ड, एवढाच धरा, तेवढाही बघून संपत नाही.

झुरिच एअरपोर्टच्या खालीच स्टेशन आहे, तिथून इंटरलाकेन ओस्ट सव्वादोन तासांच्या आसपास, बहुतेक वेळा बर्नला एकदा गाडी बदलायची. ओस्टलाच उतरा, वेस्ट वेगळं स्टेशन आहे. पुढे लाउटरब्रुनेनची छोटी ट्रेन 20 मिनिटं. आता एक महत्त्वाचं, ही गाडी त्स्वाईल्युचिनेन नावाच्या स्टेशनात मधोमध तुटते, अर्धी लाउटरब्रुनेनला आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला जाते, त्यामुळे चढताना डब्यावरचा बोर्ड वाचूनच चढा, आपल्याकडचे लोक खिडकी बघून बसतात आणि मग सासू एका दरीत सून दुसऱ्या. एसबीबीचं (स्विस रेल्वेचं) ॲप घ्या, प्लॅटफॉर्म, बदल, उशीर सगळं त्यात दिसतं. साध्या गाड्यांना रिझर्वेशन लागत नाही, एक चुकली तर पुढची पकडायची.

पासचं म्हणाल तर आकडेमोड केल्याशिवाय घेऊ नका. स्विस ट्रॅव्हल पासवर ट्रेन, बस, थुन आणि ब्रिएन्झ तलावातल्या बोटी, अगदी वेंगेन आणि म्युरेनपर्यंत सगळं फुकट, पण युंगफ्राउयोखला त्याच्यावर सवलत 25 टक्केच. हाफ फेअर कार्डावर तिथेही निम्मं तिकीट. तुम्ही एकाच दरीत राहणार असाल आणि एखाद्या महाग शिखरावर जाणार असाल तर बऱ्याचदा हाफ फेअरच स्वस्त पडतं. साधा पास सलग दिवसांचा असतो हेही धरा, पाऊस पडून घरात बसलात तरी दिवस वाया.

राहायला मी इंटरलाकेन किंवा विल्डर्सविल म्हणेन. सपाट आहे, इंटरलाकेनला देशी जेवण मिळतं, काकूंच्या गुडघ्यांना बरं.

गडकोट_अनलिमिटेड:
बाळ्याचं सगळं मान्य पण इंटरलाकेनला राहणं नामंजूर! आयुष्यात पहिल्यांदा आल्प्सला जायचं आणि खिडकीतून बसस्टँड बघायचा? वेंगेनला राहा. गाव 1274 मीटरवर, गाड्यांना बंदी, ट्रेननेच जायचं, त्यामुळे संध्याकाळी दिवसाचे टुरिस्ट उतरून गेले की गाव आपलं. हॉटेलला आधी मेल टाकलात तर बरेच जण स्टेशनवर छोटी इलेक्ट्रिक गाडी पाठवतात, सामान आणि काकू दोन्ही वर. फक्त स्टेशनजवळचं हॉटेल घ्या, गाव उतारावर आहे.

आणि काकूंसाठी खास, वेंगेनहून केबल कारने म्यानलिखेनला जा आणि तिथून क्लाइने शाइडेगपर्यंत चाला. साडेचार किलोमीटरच्या आसपास, रुंद वाट, हळूहळू उतरत जाते, समोर आयगर-मोंख-युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं अख्खी वाटभर. काकूंना एवढं नको वाटलं तर वर बाकावर बसून डबा खायचा आणि त्याच केबल कारने खाली. म्युरेनलाही वर रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. ट्रुमेलबाखचे धबधबे मात्र जपून, डोंगराच्या पोटात आहेत, लिफ्ट आहे पण पुढे ओल्या पायऱ्या आहेतच.

युंगफ्राउयोख: 3454 मीटर, 1912 पासून तिथवर ट्रेन जाते, शेवटचे सात किलोमीटर जवळपास सगळा बोगदा. इंजिनिअरिंग म्हणून कमालच आहे, पण ढग असतील तर वर नुसतं पांढरं दिसतं आणि पैसे तेवढेच जातात. म्हणून आगाऊ काढू नका, सकाळी उठून वेबकॅम बघा, वर ऊन दिसलं तरच स्टेशनवर जाऊन काढा. वर चक्कर येऊ शकते, काकूंना बीपी वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

पावसाळी_पुणेकर:
वा, दोघांचेही आभार! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना "गाड्या नसलेलं गाव" इतकं आवडलंय की वेंगेन फायनल. बीपी आहे, त्यामुळे युंगफ्राउयोखवर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. ढग असले तर दिवसभर करायचं काय? आणि तूप आणि चितळ्यांचे पेढे बॅगेत टाकायचं चाललंय.

बर्नचा_बाळ्या:
वेंगेन तर वेंगेन, हरलो. ढगाळ दिवशी खाली उतरून ब्रिएन्झ तलावातली बोट घ्या, इंटरलाकेन ओस्टच्या मागेच धक्का आहे, आत काचेमागे बसून कॉफी पीत जाता येतं, गुडघ्यांना काही काम नाही. परत येताना ब्रिएन्झहून ट्रेन.

झुरिचची_मावशी:
पेढे आणि तूप अजिबात नेऊ नका गं! भारतातून दुधाचे, मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे, ताजा कढीपत्तासुद्धा नको. भाजणी, पोहे, डाळ-तांदूळ, मसाले आणा आणि किचन असलेलं अपार्टमेंट बघा, हॉटेलात रोज शाकाहारी जेवायचं म्हणजे चीज आणि बटाटा. सासूबाई कडक शाकाहारी असतील तर ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं, ते आधीच सांगून ठेव. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. कोणत्या वारी वर जाताय?

पावसाळी_पुणेकर:
बापरे, बरं झालं सांगितलंत मावशी, रेनेटचं तर माहीतच नव्हतं. रविवारी दुपारी वर पोचू.

झुरिचची_मावशी:
मग दही, दूध, ब्रेड, भाजी एअरपोर्टवरच घेऊन गाडीत बसा. रविवारी इकडे बहुतेक दुकानं बंद असतात, एअरपोर्टवरची मिग्रोस आणि कोऑप उघडी असतात.