'मोबाइल एजंट'ला मराठीत काय म्हणायचं? हस्तक, जासूद की दूत?

सैन्याच्या रेडिओ नेटवर्कवर चालणाऱ्या मोबाइल एजंट सॉफ्टवेअरबद्दलचा लेख मराठीत करतोय. 'भ्रमणध्वनी हस्तक' लिहिलं होतं, तर वाचणाऱ्याने विचारलं, शत्रूची माणसं फोनवरून काय करतायत? :) दुसरा शब्द सुचवा ना.

---

आधी ते भ्रमणध्वनी काढा, फोनचा काही संबंधच नाही इथे. मोबाइल म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो, अर्धवट झालेलं काम नि गोळा केलेला डेटा बरोबर घेऊन, आणि तिथे पोचला की पुढे चालू. आयबीएमने १९९० च्या दशकात असल्या एजंटांना 'अ‍ॅग्लेट' म्हटलं, एजंट अधिक अ‍ॅपलेट (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम), म्हणजे त्यांनीही जोडशब्दच केला.
मी 'जासूद' म्हणेन. पेशवाईतल्या पत्रांत जासूदजोडी पत्रं घेऊन जाते, बातमीही आणते.

---

जासूद गोड आहे हो, पण आजचा वाचक जासूस वाचणार, मग हस्तकापेक्षा वेगळं काय झालं. सरळ 'फिरता दूत' करा.

---

पण दूत नुसता निरोप पोचवतो ना? इथे तर काम तिकडे जाऊन करायचंय. एचएफ रेडिओवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या पण संथ रेडिओवर, २४०० बिट प्रतिसेकंद धरा, म्हणजे सेकंदाला ३०० बाइट. पलीकडची एक एमबीची फाइल इकडे ओढायला पाऊण तासाहून जास्त वेळ जाईल, आणि मधेच लिंक तुटली की बसा बोंबलत. त्यापेक्षा २० केबीचा एजंट मिनिटभरात तिकडे जातो, फाइल तिथेच चाळतो, लिंक गेली तरी त्याचं काम चालू राहतं, परत आली की दोन ओळींचं उत्तर पाठवतो.

---

कृष्ण शिष्टाईला गेला तो काय पोस्टमन म्हणून? तिथे बसून, ऐकून, बोलून आला की. दूतच बरोबर. फक्त 'फिरता' नको, उगाच भटकतोय असं वाटतं, 'जाता-येता दूत' तर त्याहून वाईट. पहिल्यांदा 'मोबाइल एजंट' लिहून समजावून सांगा, पुढे नुसतं दूत.

---

ठरलं, दूत. आणि बँडविड्थ, म्हणजे लिंकवरून सेकंदाला किती डेटा जातो ते? होस्ट, म्हणजे दूत ज्यावर जाऊन चालतो ते मशीन?

---

बँडविड्थ तशीच राहू द्या, 'पट्टरुंदी' वाचून लोक कापड मोजायला बसतील. होस्टला मात्र यजमान छान बसतो, कारण यातली खरी भीतीच ती आहे, मशीन शत्रूच्या हाती पडलेलं असलं तर दूत चालणार त्याच्याच मेमरीत, मग यजमान त्याचा कोड उघडून वाचणार, बदलणार आणि तसाच परत धाडणार. असा फितवलेला दूत आला की तुमचा तो 'हस्तक' शब्द खुशाल वापरा.