पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टरऐवजी नर्स-मिडवाइफ (न्यू जर्सी). कुणाला अनुभव आहे का?

अबोली_एडिसन

नमस्कार मंडळी. चौदावा आठवडा चालू आहे, पहिलंच, वय ३३. आमच्या इथल्या ओबी ग्रुपमध्ये (बाळंतपणाच्या डॉक्टरांचा दवाखाना) चार डॉक्टर आणि तीन सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ आहेत. डॉक्टरांची तारीख लवकर मिळेना, म्हणून काउंटरवरच्या बाईने माझं नाव मिडवाइफकडे घातलं. गेले. बाई चांगल्या वाटल्या, पाऊण तास बसून बोलल्या, सगळं लिहून घेतलं. पण घरी व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "इथे सांगलीत गल्लोगल्ली प्रसूतिगृहं, आणि तुम्ही अमेरिकेत जाऊन सुईण गाठलीत?" नवरा तेव्हापासून गप्प आहे, म्हणजे त्यालाही ते पटलंय.

मला थायरॉइड आहे, गोळी लग्नाआधीपासून चालू. आईला डायबेटिस. अशा वेळी मिडवाइफकडे राहावं का? रात्रीबेरात्री काही झालं तर डॉक्टर येतात का? आणि मला एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) हवंय, कुणी काहीही म्हणो. मैत्रीण म्हणते मिडवाइफ असली की ते देत नाहीत. आई आठव्या महिन्यात येतेय, डिंकाच्या लाडवांसकट. त्याआधी काय ते ठरवायचंय.

मुक्ता_डॅलस

मी पूर्ण वेळ मिडवाइफकडेच होते आणि शेवटी माझं सिझर झालं. घाबरवायला सांगत नाहीये. बाळाचे ठोके उतरायला लागले, मिडवाइफने डॉक्टरांना बोलावलं, आणि बघता बघता मी ऑपरेशन थिएटरमध्ये. मिडवाइफ आत आली, माझ्या डोक्याशी उभी राहून काय चाललंय ते सांगत होती. डॉक्टरांचा चेहरा मला आठवतसुद्धा नाही. तुझं हॉस्पिटल चांगलं असेल तर काळजी करू नकोस.

वारणाकाठ

अबोली, मी हेच काम करते, तेव्हा जरा लांबण लागेल. वयाने मोठी आहे, अगंतुगं चालवून घे.

मूळची वारणेकाठची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मिरजेला केलं. केसबुक भरायला रात्रपाळीत आम्ही मुली एकेका बाळंतपणासाठी टपून बसायचो. इकडे आल्यावर आरएन (नोंदणीकृत नर्स), मग मास्टर्स, मग बोर्डाची परीक्षा, तेव्हा कुठे नावापुढे सीएनएम, म्हणजे सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ, लागलं. आता ओहायोत एका हॉस्पिटलच्या लेबर युनिटला आहे. सासूबाईंना सांग, तुझी मिडवाइफ तपासण्या सांगते, औषधं लिहून देते (पन्नासही राज्यांत तो अधिकार आहे), बाळंतपण करते, टाके घालते. सिझर करत नाही. चिमटा लावायची वेळ आली तरी डॉक्टरच येतात. मात्र पाटीवरची अक्षरं नीट वाचत जा. सीपीएम (सर्टिफाइड प्रोफेशनल मिडवाइफ) म्हणून वेगळ्या मिडवाइफ असतात, त्यांना आधी नर्स असावं लागत नाही आणि त्या बहुतेक घरी नाहीतर बर्थ सेंटरला बाळंतपणं करतात. तुझी ती नव्हे.

थायरॉइडसाठी कुणी तुला उठवून डॉक्टरकडे पाठवणार नाही. डोस बहुधा वाढवावा लागेल, म्हणून निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघतात. आता आपल्या बायकांची एक खोड सांगते. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी आणि प्रीनेटल (गरोदरपणातलं) व्हिटॅमिन एकाच घोटाबरोबर, का तर विसरायला नको. त्या व्हिटॅमिनमधलं लोह आणि कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागूच देत नाही. मग टीएसएच वर चढलेला दिसतो आणि डोस उगाच वाढतो. किमान चार तासांचं अंतर ठेव. प्रीनेटल सरळ रात्री जेवणानंतर घे.

साखरेचं जास्त बघ. आईला डायबेटिस आणि आपण दक्षिण आशियाई, म्हणजे धोका दोन्हीकडून. २४ ते २८ आठवड्यांत सगळ्यांचीच तपासणी होते, तुझी त्याआधी एकदा करायची का, हे पुढच्या भेटीत विचार. इथे ५० ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात, चव वितळलेल्या पेप्सीकोल्यासारखी, आणि तासाने रक्त घेतात. आकडा जास्त आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी उपाशीपोटी १०० ग्रॅम आणि तीन तास बसकण. पुस्तक घेऊन जा. साखर निघाली पण खाण्यापिण्यावर आटोक्यात राहिली तर बहुतेक ठिकाणी मिडवाइफकडेच राहशील. इन्सुलिन लागलं की डॉक्टर सोबतीला येतात. जुळी असतील, वार खाली असेल, बीपी चढलं, तर आम्ही आपण होऊनच डॉक्टरांना सांगतो. जी मिडवाइफ सांगत नाही तिच्याकडे राहू नकोस.

एपिड्युरल मिळतं गं. ते भूलतज्ज्ञ देतो, तो हॉस्पिटलचा असतो, पेशंट डॉक्टरची की मिडवाइफची हे तो विचारत नाही. फक्त एवढं की ते घेतलं की पोटाला पट्टे, सलग मॉनिटर आणि बहुतेक वेळ बेडवरच. घेईपर्यंत सगळं ठीक असेल तर थोड्या थोड्या वेळाने डॉपलरने ठोके ऐकतात आणि तू चालू शकतेस, शॉवरखाली उभी राहू शकतेस. कळ आली की कंबरेवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरायचं, हे माझं निम्मं काम. नवऱ्यांना शिकवते. पहिल्यांदा ते घाबरत घाबरत हात ठेवतात, मग बायको ओरडते, "अजून जोरात!", मग अंगठ्याच्या बुडाशी जोर देऊन दाबायला लागतात. तुझ्या गप्प नवऱ्याला आतापासून सरावाला बसव, बोलायला लागेल.

आता खटकणारी बाजू. पाऊण तास बोललेली तीच बाई त्या रात्री ड्यूटीवर असेल असं नाही. तिघींपैकी कुणीही असेल. म्हणून पुढच्या भेटी आळीपाळीने तिघींकडे घे. आणि स्पष्ट विचार, रात्री दोन वाजता डॉक्टर हॉस्पिटलमध्येच असतात की घरून निघतात? घरून येत असतील तर किती वेळात पोचतात? या उत्तरावर ठरव. मिडवाइफ की डॉक्टर, हा वाद मला त्यापुढे किरकोळ वाटतो.

शेवंती५२

थोडं अवांतर. माझी मुलं केव्हाच मोठी झाली, मी पाळी जाण्याच्या भानगडीसाठी नर्स-मिडवाइफकडे जाते. पॅप स्मिअरही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) तीच करते. एका डॉक्टरांनी मला "वय झालं की होतंच" म्हणून वाटेला लावलं होतं. हिने झोप, घाम, चिडचिड सगळं विचारून घेतलं आणि हार्मोन्स घ्यावेत की नाहीत यावर दोन्ही बाजू सांगितल्या. या बायका फक्त बाळंतपणाच्या नव्हेत एवढंच सांगायचं होतं.

डॉ_सातारकर

भारतात गायनॅक आहे. वारणाकाठ, तुमचं पटलं, पण आमच्याकडे हे कसं बसणार? उपकेंद्रातली सिस्टर बाळंतपण करते, लसीकरण करते, रजिस्टरं भरते, सर्व्हेला जाते. तिला पाऊण तास कुठून मिळायचा?

वारणाकाठ

डॉक्टर, खरंय. केंद्राने २०१८ मध्ये मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सेससाठी १८ महिन्यांचा वेगळा कोर्स ठरवला. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने तर २०११ मध्येच सुरुवात केली होती. पण कोर्स करून आलेल्या सिस्टरला पुन्हा लसीकरणाच्या टेबलावर बसवलं तर तो वाया. तिला लेबर रूममध्येच ठेवायला हवं, आणि ते तुमच्यासारख्यांनी मागितलं तरच होईल.

अबोली_एडिसन

वारणाकाठ ताई, सगळ्यांचेच खूप आभार. मिडवाइफना पोर्टलवर विचारलं. डॉक्टर चोवीस तास हॉस्पिटलमध्येच असतात, एपिड्युरलही कधीही मिळतं. नवऱ्याला तुमचा कंबरेचा परिच्छेद वाचून दाखवला, हसला. राहतेय मी मिडवाइफकडेच. सासूबाईंना "अमेरिकेतली सिस्टर, मोठी डिग्रीवाली" असं सांगितलंय, सध्या तेवढ्यावर भागलंय. आईचं विचारायचं राहिलं. तिने येताना काय करून यावं? बाळंतकाढ्याच्या बाटल्याही आणतेय.

वारणाकाठ

टीडॅपची लस. डांग्या खोकल्याची असते त्यात, नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन चालणार नाही. खासगी दवाखान्यात मिळते, बाळाला हातात घेण्याआधी निदान दोन आठवडे तरी झालेले हवेत. तुला स्वतःला ती २७ ते ३६ आठवड्यांच्या मधे देतील. आईचा प्रवासी विमा काढ आणि तिची डायबेटिसची औषधं चिठ्ठीसकट मुक्कामभर पुरतील एवढी हातातल्या बॅगेत ठेवायला सांग, चेक-इनमध्ये नको. काढ्याच्या बाटलीवरचे घटक मिडवाइफला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. लाडू खुशाल खा, पण साखर निघाली असेल तर बाळंतपणानंतरच्या तपासणीपर्यंत अर्धाच. आणि आईने कितीही शेक-शेगडी केली तरी बाळंतपणानंतर डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर "थकवा असेल" म्हणून पडून राहू नका. बीपी बाळंतपणानंतरही चढतं. त्याच रात्री फोन करायचा.