सिमेंटिंगआधी तेलविहीर धुवायला सौम्य रसायनं: सक्ती हवी की नको?

दांडियाबझार: अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं, तेव्हापासून हा उद्योग बडोद्याच्या अंगणातला. म्हणून इथेच विचारतो. विहिरीत केसिंग (पोलादी पाइप) उतरवल्यावर सिमेंटच्या पुढे जो वॉश (धुणारा द्रव) आणि स्पेसर (ड्रिलिंगचा चिखल आणि सिमेंट वेगळं ठेवणारा द्रव) पाठवतात, त्यात झायलीन हे द्रावक आणि नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हा साबणासारखा घटक अजून का चालतात? इथॉक्सिलेट मोडलं की नोनिलफिनॉल उरतं आणि ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. साबणासारखंच काम करणारी, ग्लुकोज आणि खोबरेलापासून होणारी अल्किल पॉलिग्लुकोसाइडं जिवाणू सहज पचवतात. सक्तीच करा.

सिमेंटवाला: साहेब, तेलावरचं मड (ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात तो चिखल) वापरलं की पाइपावर आणि खडकावर तेलाचा पापुद्रा राहतो. त्यावर सिमेंट धरत नाही. फट राहिली की गॅस वर चढतो आणि गोड्या पाण्याच्या थरापर्यंत पोचू शकतो. आमोद-जंबुसरकडे कपाशीच्या शेतांना लागून विहिरी आहेत. तिथली बोअर बिघडली तर स्पेसर सौम्य होता हे त्या शेतकऱ्याला काय कामाचं? कच्ची धुलाई मला मंजूर नाही.

दांडियाबझार: कच्ची कशावरून? रोटरला (प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या फिरत्या धातूच्या नळीला) मड माखा, मग स्पेसरमध्ये दहा मिनिटं फिरवा. धातू स्वच्छ झाला आणि त्यावर पाणी थेंब न धरता सपाट पसरलं, म्हणजे काम झालं. नापास होईल ते नाकारा, पण चाचणीआधीच नाही म्हणू नका.

माहीकाठ: दादा, ‘सौम्य’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीनही पर्यावरणस्नेही म्हणून विकलं जातं. जलचरांना ते फार विषारी आहे, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) ४८ अंशांच्या आसपास. मे महिन्यात रिगवर उन्हात ठेवलेला पिंप तेवढा सहज तापतो. उत्तर समुद्रात ऑस्पार या सागरी पर्यावरण करारानुसार रसायन किती विघटित होतं, जिवांच्या शरीरात किती साठतं आणि किती विषारी आहे, हे तिन्ही तपासतात. सक्ती करायचीच तर या तिन्हींची करा.

सिमेंटवाला: ताई, हे पटलं. पण जमिनीवरच्या बऱ्याच विहिरी पाण्याच्या मडवरच होतात आणि मड आणि कटिंग्ज (ड्रिलिंगमधून निघणारे खडकाचे तुकडे) यांच्या ढिगापुढे स्पेसर थोडासाच असतो. पैसा आधी हा कचरा साठवायच्या खड्ड्याच्या अस्तरावर घाला.

दांडियाबझार: तो थोडासा स्पेसर परत येऊन त्याच खड्ड्यात पडतो ना? अस्तर हवंच, त्यावर वाद नाही. पण निविदेत ताईंचे तीन निकष आणि रोटर चाचणी, दोन्ही लिहा.

सिमेंटवाला: चाचणी त्याच विहिरीच्या मडवर आणि तळाच्या तापमानाजवळ होणार असेल तर सही करतो. खोलीच्या तापमानातला निकाल मी धरणार नाही.